‘कोणत्या ब्रँचला स्कोप आहे?’ : एका प्रश्नाची चिकित्सा



बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले, की आपल्याकडे एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला गेलं तरी तोच. ‘कोणत्या ब्रँचला स्कोप आहे हो?’ आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ज्या विषयाला कोणताच स्कोप नाही असं सगळ्यांचं एकमत आहे, त्या विषयाच्या माणसालाही हा प्रश्न विचारला जातो, यावरून लोक किती गोंधळलेले आहेत ते ध्यानात यावं.

आज या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाहीये. प्रश्नच तपासायचा आहे. या प्रश्नाभोवती एक मोठं वाङ्मय तयार झालंय. वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्या, क्लासवाल्यांच्या पुस्तिका, समुपदेशकांची भाषणं, दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ. लाखो लोक ते वाचतात, ऐकतात आणि त्यावरून चार वर्षांचा आणि कित्येक लाखांचा निर्णय घेतात. कवितेच्या एका ओळीवर आपल्याकडे तासभर चर्चा होते, पण या वाङ्मयाची समीक्षा कुणी करत नाही. ती करून बघू.

यातली कुठलीही पुस्तिका उघडा, साचा एकच. एकेका शाखेला एकेक पान. वर शाखेचं नाव, मग ‘या क्षेत्रात अमाप संधी आहेत’ असं वाक्य, मग पाच-सहा नोकऱ्यांची यादी, शेवटी पॅकेजचा आकडा. नाव बदललं तरी पान तेच राहतं. या साच्यात तीन गृहीतकं लपलेली आहेत. पहिलं, ब्रँच ही निसर्गतःच वेगवेगळी, पक्क्या कुंपणाची गोष्ट आहे. दुसरं, स्कोप हा त्या ब्रँचचा गुण आहे, जसा साखरेचा गोडवा. तिसरं, तो स्कोप आज पाहून चार वर्षांनंतरचा सांगता येतो. तिन्ही एकेक करून बघू.

कुंपणं कुणी घातली?

सिव्हिल या शब्दापासून सुरुवात करू. मराठीत आपण ‘स्थापत्य’ म्हणतो, त्यामुळे मूळ अर्थ झाकला जातो. सिव्हिल म्हणजे नागरी. लष्करी नव्हे ते. किल्ले, खंदक, तोफांचे मोर्चे बांधणारा तो लष्करी अभियंता, आणि लोकांसाठी पूल, कालवे, बंदरं बांधणारा तो नागरी. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात जॉन स्मीटननं स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घेतलं ते या अर्थानं. एडिस्टनचा दीपस्तंभ त्यानं बांधला, तो १७५९ साली पुरा झाला. पण पाणचक्क्या आणि वाफेची यंत्रं हासुद्धा त्याच्याच अभ्यासाचा विषय होता. म्हणजे एके काळी सिव्हिल या एका शब्दात सगळंच येत होतं.

मग वाफ आली, रेल्वे आली. १८४७ साली बर्मिंगहॅमला मेकॅनिकल इंजिनिअरांची वेगळी संस्था निघाली. तिचा पहिला अध्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन, रेल्वेवाला. पुढे तारायंत्र आलं, आणि १८७१ साली लंडनला तारायंत्राच्या अभियंत्यांची संस्था झाली. तिचंच नाव १८८९ साली बदलून इलेक्ट्रिकल इंजिनिअरांची संस्था असं झालं. म्हणजे बघा, इलेक्ट्रिकल ही शाखा जन्मली तेव्हा तिचं नावही इलेक्ट्रिकल नव्हतं.

केमिकलची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. रसायनं लोक आधीपासून बनवत होतेच. जॉर्ज डेव्हिस नावाच्या माणसानं १८८७ साली मँचेस्टरला व्याख्यानं दिली. त्याच्या लक्षात आलं होतं, की साबण करा, आम्ल करा नाहीतर रंग करा, ऊर्ध्वपातन, गाळणं, सुकवणं, ढवळणं या क्रिया सगळीकडे त्याच. मग वस्तूऐवजी क्रियांचाच अभ्यास का नको? या एका विचारानं नवी शाखा उभी राहिली. आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे नाव १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथं भरलेल्या परिषदेनं गाजवलं. तेही जरा चिथावणी म्हणून. सॉफ्टवेअर लिहिण्याला अजून इंजिनिअरिंगची शिस्त नाही, ती यायला हवी, हे टोचून सांगायला ते नाव निवडलं होतं.

आपल्याकडे काय झालं? रूरकीचं कॉलेज १८४७ चं, गंगेच्या कालव्याला माणसं लागत होती म्हणून. मुंबई–ठाणे रेल्वे १८५३ साली धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ ला, पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती. तोच वर्ग वाढत वाढत आजचं सीओईपी झाला. तेव्हा स्कोप म्हणजे सरकारी बांधकाम खातं, दुसरं काही नाही.

सांगायचा मुद्दा असा, की शाखा आकाशातून पडलेल्या नाहीत. कुणाला तरी, कधी तरी, कशासाठी तरी माणसं लागली आणि त्या गरजेभोवती कुंपण घातलं गेलं. गरज बदलली की कुंपण हललं.

जाती आणि उपाधी

इथं आमच्या शास्त्रातली एक जुनी गोष्ट आठवते. न्याय-वैशेषिकांनी एक प्रश्न विचारला होता. आपण अनेक वस्तूंना एका नावानं हाक मारतो. पण त्या नावामागं खरोखर एखादी जाती असते, की ते नुसतं सोयीचं लेबल असतं? गोत्व ही खरी जाती. पण ‘स्वयंपाकी’ ही जाती नव्हे. आज स्वयंपाक करतो तो उद्या सोडेल. अशा सोयीच्या लेबलाला ते उपाधी म्हणतात. आणि जाती कुठली, उपाधी कुठली हे ओळखायला उदयनाचार्यांनी काही अडथळे सांगितले. त्यातला एक म्हणजे संकर. दोन धर्म असे असतील, की कुठं पहिला आहे पण दुसरा नाही, कुठं दुसरा आहे पण पहिला नाही, आणि कुठं दोन्ही एकत्र आहेत, तर ते दोन्ही जाती म्हणून मानता येत नाहीत. त्यांचं शास्त्रातलं उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्व. आकाश हे भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, आणि पृथ्वी, पाणी ही दोन्ही आहेत.

आता ही कसोटी ब्रँचला लावा. साधा जुना बॉयलर घ्या, तो निव्वळ मेकॅनिकल. ट्रान्झिस्टर रेडिओ घ्या, तो निव्वळ इलेक्ट्रॉनिक्स. आणि आजच्या मोटारीचं इंजिन? कधी किती इंधन सोडायचं हे त्यात छोटा संगणक ठरवतो. दोन्ही एकत्र. झाला संकर. उदयनाचार्य प्रवेश समितीवर असते तर त्यांनी शेरा मारला असता : ब्रँच ही जाती नव्हे, उपाधी होय. आता आम्ही हा सिद्धांत त्याच्या मूळ जागेवरून थोडा ओढून आणलाय, हे कबूल. पण ओढल्यावर तो इथं चपखल बसतो. आणि आपल्या मराठीत उपाधी म्हणजे पदवीही आणि उपाधी म्हणजे मागं लागलेला व्यापही. दोन्ही अर्थ इंजिनिअरिंगच्या पालकांना लागू पडतात.

पुरावा हवा असेल तर माणसंच बघा. विश्वेश्वरय्या पुण्याला शिकले, सिव्हिलचे. पण खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी बसवले ते पाणी वाढल्यावर आपोआप उघडणारे दरवाजे. हे यंत्राचं काम झालं. अनिल काकोडकर १९६३ साली व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल झाले आणि पुढं अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. टीसीएस ज्यांनी उभी केली ते फकीरचंद कोहली इलेक्ट्रिकलचे होते. टाटांच्या वीज कंपनीतून ते तिकडं आले. आता कुणी म्हणेल, ही मोठी माणसं, अपवाद. बरोबर आहे. अपवादावरून नियम सिद्ध होत नाही. पण ‘ब्रँच ठरली की आयुष्य ठरलं’ असं जेव्हा पुस्तिका सांगते, तेव्हा ते विधान खोडायला एक अपवादही पुरतो. तर्कशास्त्राचा हा पहिला धडा.

दुःख याचं, की या उपाधीला आपण जातीसारखंच वागवतो, आणि इथं जात हा शब्द आपल्या नेहमीच्या अर्थानं घ्या. उतरंड लावतो. वर कॉम्प्युटर, खाली सिव्हिल. कॉलेजात मुलं एकमेकांना ब्रँचवरून ओळखतात, ब्रँचवरून हिणवतात. आणि उतरंडीचा आधार काय? कटऑफ. आता कटऑफ म्हणजे काय हो? मागच्या वर्षी त्या जागेवर शेवटचा आत आलेला मुलगा किती पर्सेंटाइलचा होता तो आकडा. ते गर्दीचं माप आहे. यात्रेत ज्या दुकानापुढं गर्दी जास्त त्याची भेळ चांगली असेलही, पण गर्दी मोजली म्हणजे भेळ चाखली असं होत नाही.

या उतरंडीत आणखी एक पायरी असते, मुलींची. ‘मेकॅनिकल मुलींचं काम नव्हे, सिव्हिलला साईटवर कुठं फिरणार?’ हे वाक्य आम्ही चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकलंय. ए. ललिता नावाच्या बाई मद्रासजवळच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. लहान वयात वैधव्य आलेलं, पदरात मुलगी. पुढं भाक्रा-नांगलच्या वीजवहनाच्या कामात त्यांचा हात होता. त्या काळी त्यांना शिकवणाऱ्यांना हे सुचलं, आणि आजच्या समुपदेशकाला सुचत नाही?

स्कोप आणि कांदा

आता दुसरं आणि तिसरं गृहीतक. स्कोप हा ब्रँचचा गुण आहे का? साखरेचा गोडवा साखरेत असतो. पण ‘मागणी’ ही साखरेत नसते. ती साखर, गिऱ्हाईक, वेळ आणि ठिकाण या चौघांमधला संबंध असते. स्कोप हा असाच संबंध आहे. मेकॅनिकलला स्कोप आहे का, या वाक्याला अर्थच अपुरा आहे. कुणासाठी? कुठल्या कॉलेजातून? चाकणला की चंद्रपूरला? कोणत्या साली? हे चार तपशील भरल्याशिवाय ते वाक्य खरंही ठरत नाही आणि खोटंही ठरत नाही.

आणि चार वर्षांनंतरचं भाकीत? इथं तत्त्वज्ञाची गरज नाही, लासलगावचा शेतकरी पुरतो. एका वर्षी कांद्याला भाव चढतो. सगळे म्हणतात, कांदा लावा. पुढच्या हंगामात सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग सगळे कांदा सोडतात आणि भाव पुन्हा चढतो. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचं प्रतिमान म्हणतात, कारण आलेख तसा दिसतो. रिचर्ड फ्रीमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७६ साली हेच प्रतिमान नव्या अभियंत्यांच्या संख्येला आणि पगाराला लावून दाखवलं. पीक तयार व्हायला चार वर्षं लागतात, एवढाच काय तो फरक. पावसाचं भाकीत केलं म्हणून पाऊस बदलत नाही. पण स्कोपचं भाकीत सगळ्यांनी मानलं, की त्या मानण्यानंच ते खोटं पडू लागतं.

आणि आता तर हे जाळं आणखी ताणलं जाणार. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, त्यानं गावोगावच्या मुलांना दार उघडलं, हे मान्यच करायला हवं. पण जागा किती आणि कशाच्या, हे त्यानंतर पालकांच्या मागणीवर ठरू लागलं. २०२४-२५ पासून तर चांगल्या कामगिरीच्या संस्थांना एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची मर्यादाही एआयसीटीईनं काढून घेतली. मागणी असेल तेवढे वर्ग वाढवा. म्हणजे सगळ्यांनी एकाच वर्षी कांदा लावायची सोय झाली.

इथं आम्हाला एक कबुली द्यायची आहे. गोष्ट १९९८ ची. आमचा भाचा बारावी झाला. घर कालव्याच्या काठावर, लहानपणापासून पाटाच्या दारांशी खेळलेला. त्याला सिव्हिल घ्यायचं होतं. बहिणीनं विचारलं, दादा, तू प्रोफेसर, तूच सांग. आणि आम्ही, ज्यांनी वर्गात वर्षानुवर्षं अनुमानाचे दोष शिकवले, त्या आम्ही बिनदिक्कत सांगितलं की कॉम्प्युटर घे, पुढची पन्नास वर्षं तेच चालणार. २००२ साली तो बाहेर पडला. तेव्हा डॉट-कॉमचा फुगा फुटलेला, ज्या कंपन्या आधी वर्गच्या वर्ग उचलून न्यायच्या त्यांनी हात आखडलेले. दोन वर्षं पोरगा घरी बसला. कर्ज बहिणीच्या नावावर होतं. आज त्याचं बरं चाललंय, प्रश्न तो नाही. काही वर्षांपूर्वी त्यानं आम्हाला सहज म्हटलं, ‘मामा, तुम्ही चुकलात याचा राग नाही. कुणीही चुकलं असतं. पण तुम्ही इतक्या खात्रीनं का सांगितलंत?’

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. अजून नाही. आणि गंमत बघा, ‘कॉम्प्युटर चालणार’ हे आमचं भाकीत ढोबळमानानं खरंच ठरलं. पण दोन हजार दोन सालच्या त्या एका मुलाच्या बाबतीत ते काही कामाचं नव्हतं. ढोबळ सत्य आणि एका माणसाचं आयुष्य यांच्यामध्ये जी जागा असते, तिथं खात्री चालत नाही. करिअर मार्गदर्शनाच्या वाङ्मयाचा सगळ्यात मोठा दोष आम्हाला हाच वाटतो. आकडा चुकण्यापेक्षा त्याचा सूर जास्त चुकतो.

आकड्याचंही एकदा बघूनच टाकू. ‘सरासरी पॅकेज आठ लाख’ असं फलकावर लिहितात. समजा दहा मुलं आहेत. नऊ जणांना चार-चार लाख, एकाला चव्वेचाळीस लाख. बेरीज ऐंशी लाख, भागिले दहा, सरासरी आठ. सरासरी खरी आहे हो, पण आठ लाख मिळालेला मुलगा त्या वर्गात एकही नाही. म्हणून विचारायचं ते हे : सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधल्या मुलाला किती मिळाले? आणि ज्यांना नोकरी लागलीच नाही त्यांना ओळीत धरलंय का?

पानावर नसलेली गोष्ट : काम

पण या वाङ्मयातली खरी उणीव आणखी वेगळी आहे. त्यात सगळं असतं, फक्त काम नसतं. तो इंजिनिअर सकाळी उठून करतो काय, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

एक साधं उदाहरण घेऊ. गावाची पाणीयोजना. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज पंचावन्न लिटरचा. अठराशे वस्तीचं गाव धरलं, तर रोज साधारण एक लाख लिटर पाणी. विहीर खाली ओढ्याला, टाकी वर टेकाडावर, चढ पन्नास मीटर. आता सिव्हिलचा माणूस या योजनेकडे बघतो तेव्हा त्याला विहिरीचा झरा, टाकीचा पाया, पाइप कुठून न्यायचा हे दिसतं. मेकॅनिकलवाल्याला पंप दिसतो. ते पाणी एवढं चढवायला नुसत्या हिशेबानं रोज चौदाएक युनिट वीज लागते, आणि पंप-मोटरची कार्यक्षमता पंचावन्न टक्के धरली तर ती पंचवीसवर जाते, हे त्याला दिसतं. इलेक्ट्रिकलवाल्याला दिसतं, की रात्री येणारी वीज कमी दाबाची आहे आणि मोटर जळणार आहे. केमिकलवाला विचारतो, पाण्यात तुरटी किती, क्लोरीन किती, आणि शेवटच्या नळापर्यंत तो टिकतो का? इलेक्ट्रॉनिक्सवाला टाकीत पातळी मोजणारा सेन्सर बसवतो. कॉम्प्युटरवाला म्हणतो, कोणत्या वाडीला कधी पाणी सोडलं याची नोंद ठेवू.

पाणी एकच. प्रत्येक शाखा त्याला वेगळा प्रश्न विचारते. ब्रँच म्हणजे आमच्या मते एवढंच : एका विशिष्ट प्रकारचा प्रश्न विचारण्याची सवय. मुलाला विचारायचं असेल तर हे विचारा, की यातला कोणता प्रश्न ऐकल्यावर तू थांबलास?

आणि बहुतेक योजना बंद पडतात त्या या प्रश्नांच्या मधल्या फटीत. पाइप चांगला, पंप चांगला, वीज नाही. सगळं आहे, पण पंप चालवणाऱ्याला पगार नाही. तो शेवटचा प्रश्न कुठल्याच ब्रँचच्या अभ्यासक्रमात नसतो.

ही फट किती महाग पडते याचं एक जगजाहीर उदाहरण आहे. बोईंगच्या ७३७ मॅक्स विमानाला मोठी इंजिनं बसवली, ती जागेअभावी थोडी पुढं आणि वर आली, त्यामुळे काही परिस्थितीत विमानाचं नाक वर जाण्याची प्रवृत्ती वाढली. ही यंत्रातली अडचण सॉफ्टवेअरनं सोडवायची असं ठरलं. ते सॉफ्टवेअर एकाच सेन्सरच्या सांगण्यावर विसंबून होतं. आणि ते विमानात आहे हे वैमानिकांना नीट सांगितलेलंच नव्हतं. सेन्सरनं चुकीचं सांगितलं, सॉफ्टवेअरनं निमूटपणे नाक खाली ढकललं. २०१८ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात, दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली. आता सांगा, चूक कोणत्या ब्रँचची? प्रत्येकजण म्हणू शकतो, माझ्या कुंपणाच्या आत सगळं ठीक होतं. आपलं कुंपण राखणारा हुशार असतो. कुंपणापलीकडं बघणाराच इंजिनिअर असतो.

‘आवडीचं करा’ हेही उत्तर नाही

मग स्कोप सोडा आणि आवडीच्या मागं जा, असं सांगायचं का? आजकाल दुसऱ्या टोकाचं हेही वाङ्मय बरंच आहे. आम्हाला तेही पटत नाही. ज्या बापानं दीड एकर गहाण टाकून फी भरली, त्याला ‘पैशाकडे बघू नका’ हे सांगायला पोट भरलेलं असावं लागतं. नोकरी बघणं ही हाव नव्हे. घरातला पहिला शिकणारा मुलगा नोकरीचा विचार करतो, तो त्याचा धर्मच आहे. आणि सतराव्या वर्षी, ज्यानं कारखाना आतून बघितला नाही, धरणावर उभा राहिला नाही, त्याला आवड कळणार कशी? त्याला भौतिकशास्त्राचे एमसीक्यू कळतात. आवड ही बरेचदा कामाच्या आधी नसते, काम करता करता येते.

म्हणून आम्हाला वाटतं, चांगल्या मार्गदर्शनानं उत्तरं कमी द्यावीत आणि पुढच्यासारखे चार प्रश्न हातात ठेवावेत.

पहिला, या कामाची जागा कुठली? साईट, शॉप फ्लोअर की पडद्यासमोरची खुर्ची? उन्हात उभं राहणं, रात्रपाळी, दिवसभर बसणं, यातलं तुला काय सोसेल?

दुसरा, या कामातली चूक कशी दिसते? प्रोग्राममधली चूक बरेचदा त्याच दिवशी दिसते आणि दुरुस्त होते. काँक्रीटमधली चूक वीस वर्षांनी दिसते. रसायनाच्या टाकीतली चूक एका रात्रीत गाव उठवते. भोपाळ आपल्याला माहीत आहे. कोणत्या प्रकारच्या चुकीची जबाबदारी तू घेऊ शकशील?

तिसरा, नाव नवं आहे की विषय नवा आहे? ‘एआय’, ‘डेटा सायन्स’ अशी बरीच नावं आता दारावर लागली आहेत. विद्यापीठाचा अभ्यासक्रम काढा, कॉम्प्युटरचा आणि या नव्या शाखेचा, शेजारी शेजारी ठेवा आणि आठही सत्रांचे विषय पेन्सिलीनं जुळवा. वेगळे किती उरतात ते मोजा. उरलेले विषय शिकवायला तिथं माणसं आहेत का, ते कॉलेजात जाऊन विचारा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

चौथा, हे जमलं नाही तर परतीची वाट कोणती? आपल्याकडे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येता येतं, पुढं एम.टेक.ला वळता येतं. वाट आहे हे माहीत असलं की पहिला निर्णय इतका छातीवर येत नाही.

तर मंडळी, ऑप्शन फॉर्म भरायचे दिवस आहेत. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप ‘फ्रीझ’ होते, असा नियम आहे. जागा फ्रीझ होऊ द्या. मुलाला फ्रीझ करू नका. आणि तुमच्यापैकी कुणाला एखादी बहीण फोन करून विचारेल, ‘दादा, कोणती ब्रँच?’ तेव्हा जे वाटतं ते जरूर सांगा. मात्र तुम्हाला नक्की काय माहीत आहे आणि काय नाही, तेही त्याच दमात सांगा. आम्ही ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित भाच्यानं तरीही कॉम्प्युटरच घेतलं असतं. पण तो निर्णय त्याचा असता, आमचा नसता.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, फक्त एक विनंती, ब्रँच विचारू नका.